कासवांचं अंगण: गार्डनवाल्याला १ स्टार, गवंडी मामांना साडेचार

आधी निकाल सांगतो मग कहाणी, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच सटकतील. घरामागं कासवांसाठी अंगण करून घ्यायला मी दोनदा पैसे घातले. पहिल्यांदा एका गार्डन डिझाइनवाल्याकडं, ₹३८,०००, ५ पैकी १ स्टार, तो एक स्टारसुद्धा काम बोलल्या तारखेला संपवलं म्हणून. दुसऱ्यांदा करवीर तालुक्यातल्या एका गवंडी मामांकडं, साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येतंयच. गेट करून देणाऱ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरला चार. नावं कुणाचीच घालत नाही. गार्डनवाल्याशी भांडण नको म्हणून, आणि मामांनी स्वतःच सांगितलंय, "नाव टाकू नगंस बाबा, लोकं फोन करून डोकं खात्यात."

तर आमच्याकडं दोन सुलकाटा आहेत, म्हणजे जमिनीवर राहणारी मोठी परदेशी कासवं. पुण्याचा मावसभाऊ कॅनडाला गेला आणि जाताना ही दोघं माझ्या गळ्यात घालून गेला, टीव्ही आणि मिक्सर मात्र विकून गेला हे लक्षात घ्या. मोठ्याचं नाव पैलवान, वय सहा, पाठ १४ इंच, वजन नऊ किलोच्या पुढं. बारक्याचं नाव वस्ताद, ९ इंच, पावणेतीन किलो. वस्ताद आहे का वस्तादीण हे अजून कळलेलं नाही कारण सुलकाटाचं नर-मादी पाठ साधारण १४ इंचाच्या आसपास गेल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. घरात सगळ्यांना वाटलं होतं कासव म्हणजे परातीत पाणी घालून ठेवायचं ते वास्तूचं पितळी असतं तसलं काहीतरी असणार. आईनं तर पहिल्या दिवशी पैलवानाच्या पाठीवर हळद-कुंकू वाहिलं, देवळात नंदीच्या पुढं दगडी कासव असतं त्याला वाहतो तसं, आणि तो तसाच सजून चालत स्वयंपाकघरात गेला आणि पिठाचा डबा ढकलला.

ही जात आफ्रिकेतली, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा जो कोरडा पट्टा आहे ना, सेनेगल, माली, चाडपासून सुदान-इथिओपियापर्यंत, तिथली. जगातल्या जमिनीवरच्या कासवांत आकारानं तिसरा नंबर, गॅलापागोस आणि अल्डाब्राची कासवं मोठी पण ती बेटांवरची, म्हणजे खंडावर राहणाऱ्यांत हीच सगळ्यात मोठी. मोठा नर ४०-५० किलोचा सहज होतो, त्याच्याही वर जातो. आणि खणतात. उन्हापासून वाचायला बिळं करून राहणं हा त्यांचा खानदानी धंदा. हे सगळं मी गार्डनवाल्याला पहिल्या भेटीत सांगितलं होतं, मोबाईलवर व्हिडिओसुद्धा दाखवले, तो "हो सर, समजलं सर, आपण थीम बेस्ड करू" म्हणाला, तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं.

थीम म्हणजे काय तर १८ बाय २४ फुटाच्या जागेला चारी बाजूनं हिरवी चेनलिंक जाळी, खाली आर्टिफिशियल लॉन, कडेनं पांढरे गुळगुळीत गोटे, मधोमध कारंज्यासकट खोल टाकं, कुंपणाला लागून कण्हेर आणि रंगीत घाणेरी, आणि अख्ख्यावर पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक छप्पर "म्हणजे पाऊस पण नाही आणि ऊन पण मिळतं सर". दिसायला खरंच नाद खुळा दिसत होतं. फोटो काढून ग्रुपवर टाकले, शंभर लाईक आले, बायको म्हणाली आता पाहुणे मागं बसवू. पाहुणे बसले पण. कासवं सोडून सगळ्यांना आवडलं.

पहिल्या आठवड्यातच पैलवान जाळीला नाक लावून चालायला लागला. सकाळी बाहेर काढलं की पूर्वेच्या जाळीला जायचं, पलीकडं शेजाऱ्यांची मेथी दिसते, ती बघत डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, परत परत, दिवसभर. मला वाटलं व्यायाम करतोय, नावाला जागतोय. पंधरा दिवसांनी बघतो तर नाकाच्या वरचं सोलून लाल झालेलं.

मग गोटे. एक दिवस मागचं झाडताना त्याची शी फावड्यानं उचलून बादलीत टाकली आणि टक्कन आवाज आला. काडीनं उकललं तर आत पांढरा गोटा, सुपारीएवढा, धुतल्यासारखा स्वच्छ. डॉक्टर मॅडमकडं नेलं, एक्स-रे काढला, पोटात अजून तीन. कासवं पांढरं-गुळगुळीत काही दिसलं की तोंडात घालून बघतात, कॅल्शियम कमी पडत असेल तर जास्तच, आणि आतडं तुंबलं की मग ऑपरेशनची भाषा. आमचे नशिबानं बाहेर पडले, कोमट पाण्यात रोज बसवून आणि गवत भरपूर घालून दहा-बारा दिवसांत. त्या दिवसांत मी जितक्या उत्सुकतेनं शी तपासली तितकी स्वतःच्या पोराची पण तपासलेली नाही.

डॉक्टर मॅडमनी तेव्हाच विचारलं, थेट ऊन मिळतं का. मी ऐटीत सांगितलं, छप्पर पारदर्शक आहे, दिवसभर लख्ख. त्यांनी मान हलवली. पॉलिकार्बोनेट उजेड सोडतं, ऊब सोडतं, पण उन्हातलं यूव्हीबी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, जवळजवळ सगळं अडवतं, खिडकीची काचही तेच करते. यूव्हीबी नाही तर अंगात डी-थ्री जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग पाठ मऊ पडते, पाय वाकतात. म्हणजे मी ज्या छपराचे ₹१४,००० मोजले होते त्यानं कासवं चकाकत्या अंधारात बसवली होती. गार्डनवाल्याला फोन केला तर म्हणाला "सर ते यूव्ही प्रोटेक्टेड आहे, प्रीमियम क्वालिटी." हो रे बाबा, तेच तर रडगाणं आहे.

कण्हेर मी स्वतः उपटली, तिचं पान-फूल-काडी सगळंच विषारी, हृदयावर जातं. घाणेरी पण. टाक्यावर फळी टाकून बंद केलं, कारण सुलकाटाला पोहता येत नाही, खोल पाण्यात पडला की दगडासारखा तळाला जातो. हे इथं मुद्दाम लिहितो कारण आमच्याकडं दर चार माणसांत एक माणूस "कासव हाय नव्हं, मग हिरीत सोडा की" असं म्हणतोच. विहिरीत सोडतात ती पाण्यातली वेगळी. आणि दुसरे एक काका आहेत ज्यांचा सल्ला आहे की पाठीच्या कडेला भोक पाडून साखळी अडकवा, कशाला अंगण-बिंगण. पाठ म्हणजे काय चिलखत नव्हे वरून घातलेलं, जिवंत हाड आहे, बरगड्या आणि मणका त्यालाच जोडलेले, रक्त येतं, दुखतं. काकांना सांगितलं तुमच्या नखाला भोक पाडू का आधी, तेव्हापासून बोलत नाहीत.

आणि मग जुलैची ती रात्र. कोल्हापूरचा जुलै ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, सकाळी उठून आधी मोबाईलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. आमचं घर पूररेषेत येत नाही, पण आमची जमीन काळी, पाणी धरून ठेवते, मागचं सगळं लिबलिबीत झालेलं. जाळीचे पाईप फूटभर खड्ड्यात सिमेंट ओतून बसवले होते पण पाईपांच्या मध्ये जाळी नुसती मातीला टेकलेली. पैलवानानं कोपऱ्यात खांदा लावला असणार. सकाळी सहाला दूधवाला बेल वाजवून म्हणाला, "साहेब, तुमचं कासव गटारीपाशी हाय, कुत्री लागल्यात."

तीन कुत्री होती. पैलवान आत ओढून बसलेला, आणि एक कुत्रं त्याला दोन पायांत धरून पाठीची मागची कड चघळत होतं, हाडूक चघळतात तसं, अगदी निवांत. मी चप्पल फेकली, दूधवाल्यानं किटली आपटली. कडेला दोन ठिकाणी तुकडा उडालेला, बोटाचं टोक बसेल एवढा, ओलं गुलाबी दिसत होतं आत. दीड महिना ड्रेसिंग. ती खाच अजून आहे, आता पिवळट राखाडी झालीय, हात फिरवला की लागते. त्याच आठवड्यात वस्तादच्या नाकातून बुडबुडे यायला लागले, ओल आणि गारठा एकत्र आला की ह्यांना छातीचा त्रास होतो, त्याची इंजेक्शनं वेगळी.

गार्डनवाल्याचं म्हणणं, मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट घेतलं नव्हतं.

मामा आमच्याकडं आले ते खरं तर संडासाची टाईल बदलायला. दुपारी जेवण झाल्यावर मागच्या कट्ट्यावर चहा घेऊन बसले आणि बसलेच. मी आतून बघतोय, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, माणूस नुसता कासवाकडं बघतोय. मी बाहेर आलो तर म्हणाले, "ह्यो ढकलायलाय का ठावं हाय का? ह्येला पल्याडचं दिसतंय. म्हशीला रेडकू दिसलं की ती दावं तोडतीया, न्हाई दिसलं तर बसती रवंथ करत. दिसायचं बंद करा." मग उठले, सिमेंटची रिकामी पोती होती ती फाडून जाळीच्या खालच्या दोन फुटाला तारेनं बांधली. पैलवान आला, पोत्याला नाक लावलं, थोडा वेळ उभा राहिला, परत एकदा लावलं. आणि वळला. महिनोन् महिने जाळीला घासणारा गडी वळून गवत खायला गेला. मी तिथल्या तिथं विचारलं, मामा, भिंत बांधून द्याल का.

नंतर वाचल्यावर कळलं की जगभर कासवं पाळणारे हेच सांगतात, आरपार दिसणारं कुंपण नको. मामांनी ते म्हशीवरनं काढलं.

काम एप्रिलमध्ये सुरू केलं, पावसाच्या आधी उरकायचं म्हणून. भिंत जांभ्याची. विटेचं काय ते विचारलं तर मामा म्हणाले वीट ओल पिऊन फुगती, ह्यो नाक घासून घासून पोपडं काढंल. जांभ्याचा खरखरीतपणा नाकाला लागेल का ही माझी शंका होती म्हणून आतून खालचे दोन फूट गुळगुळीत गिलावा करून घेतला. आणि खरी भिंत वर दिसते तेवढी नाहीच, दोन फूट वर आणि दीड फूट जमिनीत. चर खणला, तळात डबर ठासला, त्यावर कोबा, मग जांभा. मी दीड फुटावर थांबूया म्हटलं कारण खणायची मजुरी वाढत होती, मामा दोन म्हणत होते. तिथं मी हट्ट केला, तेव्हा त्याबद्दल मामांना दोष नाही.

कोपऱ्यांची गोष्ट सांगायलाच पाहिजे. कासव पळून जायचं म्हटलं की कोपरा धरतं, दोन्ही बाजूला पाय टेकवून वर चढतं आणि मग उलटं पडतं. कडक उन्हात उलटं पडलेलं कासव स्वतःला सरळ करता आलं नाही तर तापून मरतं, हे काही तासांचं काम. मामांनी कोपरे मोडले. म्हणजे काटकोन ठेवलाच नाही, चारी कोपऱ्यांत तिरका जांभा लावून गोलाई दिली, आणि वरचा थर तीन इंच आत काढला छज्जासारखा. पैलवान येतो, गोलाईला लागून चालत राहतो, त्याला कोपरा सापडतच नाही. पहिले दोन दिवस तो कोपरा शोधत फिरला असं मला वाटतं, आता सोडून दिलंय.

मधून आणखी एक भिंत आहे, दोघांना वेगळं करणारी. पहिल्यांदा दोघं एकत्रच होते आणि आम्हाला वाटायचं जोडी आहे, एकमेकांच्या मागं-मागं फिरतात, किती प्रेम. प्रेम कसलं, पैलवान त्याला धडका देत होता, खाण्यावरून हाकलत होता, आणि वस्तादचं वजन दोन महिने तसूभर वाढलं नव्हतं. दोन कासवं एकत्र ठेवली की एक दबतंच, मारामारी दिसत नसली तरी. आता दोन हौदे, दोन पैलवान, कुस्ती बंद. वस्ताद वेगळा झाल्यावर चार महिन्यांत ४०० ग्रॅम वाढला, किचनच्या काट्यावर दर रविवारी ठेवतो, वहीत लिहितो.

जमिनीचं सांगायचं तर लॉन आणि गोटे सगळे काढून टाकले, काळी माती नऊ इंच उचलली आणि खाली मुरूम दाबून वर पोयट्याची माती घातली, पूर्वेला ढाळ काढला, आता पाऊस थांबला की तासाभरात पाय बुडत नाहीत. ढाळाच्या टोकाला भिंतीत पाणी जायला भोकं आहेत, त्यांना आतून लोखंडी जाळी, कारण उंदीर. रात्री झोपलेल्या कासवाचे पाय उंदीर कुरतडतात. वस्ताद अजून लहान आहे म्हणून त्याच्या भागावर वरून पण वेल्डमेश, आमच्याकडं मुंगूस येतं आणि कावळे तर आहेतच. ही वरची जाळी आणि गेट उद्यमनगरातून करून घेतलं. त्या पोरानं गेट पूर्ण पत्र्याचं केलं, फट कुठंच नाही, आणि खाली लोखंडी उंबरठा जमिनीत गाडून दिला, हे मी सांगायच्या आधी त्यानंच विचारलं, "भावा, ढकलणारं जनावर हाय का खणणारं?" दोन्ही म्हटलं. एक स्टार कापला तो कोयंडा बाहेरून हात घालून कुणीही उघडेल असा लावला म्हणून, गल्लीतली पोरं बघायला येतात आणि उघडं टाकतात, नंतर मी कुलूप लावलं. आणि रंग तीन महिन्यांत उडाला, पण कोल्हापुरात पावसाळ्यात कुणाचा राहतो.

उन्हाळ्यासाठी मामांनी केलेली गोष्ट मला सगळ्यात आवडते. सिमेंटचा दोन फुटी मोठा पाईप, कुणाच्या तरी साईटवरचा तडा गेलेला, ₹३०० ला आणला, आडवा अर्धा जमिनीत गाडला आणि वर मातीचा ढीग करून त्यावर हरळी लावली. बाहेर एप्रिलमध्ये अंग भाजतंय आणि आत हात घातला की गार. त्याच्या तोंडाशी एक उथळ चिखलाचा खड्डा. म्हटलं हे कशाला, तर "म्हैस लोळती तसं ह्यो पण लोळंल, बगा." आणि लोळतो हो! दुपारी बाराला येऊन पुढच्या पायांनी चिखल पाठीवर उडवतो आणि डोळे मिटून बसतो, आई म्हणते हा मागच्या जन्मी आपल्याच गोठ्यात होता. पिण्याचं पाणी वेगळं, मातीच्या उथळ थाळीत, जमिनीच्या पातळीला बसवलेली, पाणी हनुवटीपर्यंत, त्याच्या वर नाही. रोज बदलावं लागतं कारण पाण्यात बसून तिथंच कार्यक्रम उरकतात.

रात्रीची खोली चार बाय चार, जमिनीपासून नऊ इंच उंच, खरखरीत उतार, दाराला कोल्ड स्टोरेजवाल्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. छत पत्र्याचं, खाली थर्मोकोल, खाली प्लाय. थर्मोकोल कुठंही उघडा ठेवू नका, ही माझी स्वतःची चूक, एका कडेला चार बोटं प्लाय कमी पडली होती आणि दुसऱ्या दिवशी शीमध्ये पांढरे मणी, परत गोट्याची आठवण झाली. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पहाटे १४-१५ अंशापर्यंत उतरतं, कधी खालीही, तेवढं गार आणि त्यात दमट ह्यांना चालत नाही, म्हणून छतातून सिरॅमिकचा हीटर, भोवती जाळीचा पिंजरा, थर्मोस्टॅट लावलेला. वायर पाईपातून आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) लावून, ओल्या जागेत करंटशी खेळ नको, इथं पैसे वाचवू नका. छप्पर फक्त खोलीच्या पुढं सहा फूट, पत्र्याचं, पावसात तिथं बसतात, बाकी सगळं उघडं आभाळ. जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही त्या आठवड्यांत आत यूव्हीबीची ट्यूब चालू असते.

खाण्याचा विषय आला की लोक काकडी-टोमॅटो घेऊन येतात. ह्यांचं खरं खाणं गवत, ओलं आणि वाळलेलं, दहा हिश्श्यांत आठ तरी. मामाच्या (हे सख्खे मामा, गवंडी नव्हे) शेतातून हत्ती गवत येतं, भिंतीबाहेर शेवगा लावलाय त्याचा पाला आत लोंबतो, जास्वंदीची पानं-फुलं, आणि काटे घासून काढलेलं फड्या निवडुंग. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. फळ जवळजवळ नाहीच. बांधावरचं गवत आणायचं तर आधी विचारा तणनाशक मारलंय का, उसाच्या बांधाला आपल्याकडं सर्रास मारतात.

मामांच्या कामाचा अर्धा स्टार कुठं गेला ते आता. एक तर चौथ्या दिवशी माणूस गायब. फोन बंद. चर उघडा, जांभा रस्त्यावर, शेजारी कुरकुरायला लागलेले. चार दिवसांनी उगवले, कपाळाला गुलाल, "गावची जत्रा हुती, मैदान हुतं." एक शब्द आधी सांगितला असता तर. दुसरं म्हणजे तंबाखू. कामाच्या जागी पिचकाऱ्या, आणि मी घाबरलो कारण तंबाखू जनावराच्या पोटात जाणं बरं नाही, शेवटी डालड्याचा डबा आणून दिला आणि देवाची शपथ घातली. तिसरं, नवीन सिमेंटला पाणी मारायचं दहा दिवस आणि तोवर कासवं आत सोडायची नाहीत हे मला मी वाचलं म्हणून माहीत, मामा "सोडा की, काय हुतंय" म्हणत होते. ओल्या सिमेंटचा चटका असतो, कासव तर पोट घासत चालतं. पंधरा दिवस बाल्कनीत ठेवली, बायको त्या पंधरा दिवसांबद्दल वेगळा रिव्ह्यू लिहू शकते.

खर्च मामांच्या खेपेला सगळा मिळून ₹४१,००० च्या आसपास, त्यात जांभा, मुरूम, गेट, लाईटचं काम धरून. म्हणजे गार्डनवाल्यापेक्षा तीनच हजार जास्त. पहिल्या खेपेचं पॉलिकार्बोनेट मी पार्किंगवर लावलं, गाडी मजेत आहे.

एक कागदाचं बोलून घेतो कारण अंगण बघून दोघांनी मला "आम्हाला पण एक बघा, स्टारवालं" असं विचारलंय. स्टारवालं म्हणजे आपलं भारतीय तारा कासव, ते घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स यादीतही पहिल्या परिशिष्टात. वास्तूबिस्तू काही चालत नाही तिथं. सुलकाटा परदेशी, साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात, तिची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, २०२४ चे नियम आहेत, आणि मालक बदलला की तेही कळवायचं. भावानं कागद नीट ठेवले होते म्हणून मी ही दोघं घेतली, नाहीतर हात लावला नसता. आणि घ्या असं मी कुणाला सांगतही नाही, पन्नास किलोचं जनावर आहे, सत्तर वर्षं जगू शकतं, माझ्या मुलाला वारसाहक्कात सातबारा नाही पण पैलवान मिळणार आहे.

मामांचे पाचशे रुपये मी ठेवून घेतले होते, खरं तर त्यांनीच ठेवायला लावले, "पावसाळा जाऊंदे, भित उभी ऱ्हायली तर दे." दिवाळी झाल्यावर आले. चहा घेतला नाही, आधी थापीच्या मुठीनं ठोकत अख्खी भिंत फिरले, कान लावून. उत्तरेच्या गोलाईपाशी थांबले. तिथं पैलवानानं हरळीच्या आडून खणायला सुरुवात केलेली, मला पत्ताच नव्हता. मामा गुडघ्यावर बसले आणि भोकात हात घातला, कोपरापर्यंत गेला, दंडाच्या अर्ध्यापर्यंत गेला, मग आत चाचपून म्हणाले, "डबर लागला. थांबलाय. पर दीड फूट म्हणलास तू." हात झाडला, माती शर्टाला पुसली. "दोन वर्सानं परत येतो, तवर हे पोरगं मोठं हुतंय, खालनं अजून एक थर घेऊ." पाचशेची नोट घेतली, दोनशे परत माझ्या खिशात कोंबले आणि म्हणाले ह्येचा शेवगा आण त्याला, आणि जाताना पत्र्याच्या गेटला एक लाथ मारून बघितली.